वाडग्यातली पेंड

कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीची पुढची बाजू सगळे बघतात. चकचकीत केसांचा कुत्रा, गाजराचे तुकडे, मटारचे दाणे आणि कोंबडीची तंगडी. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जी यादी असते ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आमच्याकडे ती वाचली अण्णाकाकांनी. काका लातूरकडचे. दरवर्षी सोयाबीन काढतात, मार्केट यार्डात नेऊन घालतात आणि भावावरून वैतागतात. पुण्यात चार दिवस आले की वाचायला पेपर पुरत नाही, मग औषधाच्या बाटलीपासून जे हाताला लागेल ते वाचतात. तर त्या दिवशी त्यांनी आमच्या गुंड्याच्या (वय सहा, जात लॅब्राडोर, धंदा खाणे) पिशवीची यादी वाचली आणि मला हाक मारली.

"हे सोयाबीन मील म्हणजे काय गं?"

"तेल काढून उरतं ते, काका. पेंड."

"म्हणजे मिलवाल्याची डीओसी की! अगं, ती कोंबड्यांना घालतात. तुम्ही पैसे मोजून कुत्र्याला घालता होय? आमच्या वाड्यावरच्या कुत्र्याला भाकरी तरी असायची."

काका हसले आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो काही जाईना. कुत्रा म्हणजे लांडग्याचा वंशज, मांसावर जगणारा वगैरे. चीनमधलं एक कडधान्य, अमेरिकेतल्या तेलाच्या गिरण्या आणि आमचा गुंड्या यांची गाठ पडली कशी? शोधायला लागले, आणि वाटलं होतं त्यापेक्षा बरंच काही सापडलं. तेच आज लिहितेय. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

सुरुवात सोयाबीनपासून नाही, बिस्किटापासून करावी लागते. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन माणूस १८६० च्या सुमारास लंडनला आला. धंदा काय, तर इमारतींवर वीज पडू नये म्हणून लावायच्या सळ्या विकणं. लंडनच्या गोदीत त्याला दिसलं की खलाशी जहाजावरची दगडासारखी टणक बिस्किटं फेकून देतात आणि तिथली मोकाट कुत्री ती मिटक्या मारत खातात. त्याने गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि सुकवलेलं मांस घालून कुत्र्यांसाठी बिस्किटं बनवली आणि शिकारीचे कुत्रे पाळणाऱ्या सधन लोकांना विकायला सुरुवात केली. या कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक पोरगेला माणूस कामाला लागला. याच क्रफ्टने पुढे १८९१ मध्ये लंडनला स्वतःच्या नावाने जे कुत्र्यांचं प्रदर्शन भरवलं, ते अजूनही भरतं.

म्हणजे बघा, कुत्र्याचं पहिलं कारखान्यातलं खाणं हे मुळात माणसाने नाकारलेल्या बिस्किटावरून सुचलेलं. हा धागा लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक वळणावर तो पुन्हा हाताला लागतो. त्या त्या काळात माणसांकडे जे उरलं, ते कुत्र्याच्या वाडग्यात गेलं.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत काय उरलं होतं? घोडे. ट्रॅक्टर आले, मोटारी आल्या आणि लाखो घोडे बिनकामाचे झाले. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी चॅपेल बंधूंनी १९२२ च्या सुमारास घोड्याचं मांस डब्यात भरून 'केन-एल रेशन' या नावाने विकायला काढलं. ते धो धो खपलं. तीसच्या दशकात अमेरिकेत कुत्र्याचं विकतचं खाणं म्हणजे मुख्यतः डब्यातलं मांस. (ज्या घोड्याने नांगर ओढला त्याचा शेवट असा व्हावा, हे वाचून मला कसंतरीच झालं. असो.)

मग दुसरं महायुद्ध आलं. डब्यांना लागणारं कथील मलाया आणि डच ईस्ट इंडीजमधून यायचं, आणि ते मुलूख जपानने घेतले. अमेरिकन सरकारने १९४२ मध्ये कथलाचा वापर आवळला. सैनिकांचं जेवण डब्यात जाणार की कुत्र्याचं, या प्रश्नाचं उत्तर उघड होतं. डबे बंद झाले. कारखानदारांना कागदी पिशवीत भरता येईल असं सुकं खाद्य काढणं भाग पडलं. पण सुकं म्हणजे कशाचं? मांस तर माणसांनाच पुरत नव्हतं.

इथे सोयाबीनची एंट्री होते. पण ती कुठून आली हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सोयाबीन मूळचं चीनचं, तिथे ते हजारो वर्षं पिकतंय. अमेरिकेत ते पहिल्यांदा पेरलं सॅम्युएल बोवेन नावाच्या दर्यावर्दी माणसाने, १७६५ मध्ये जॉर्जियात. पण पुढची दीडशे वर्षं अमेरिकन शेतकऱ्याच्या लेखी ते गुरांच्या वैरणीचं पीक होतं. शेंगा धरेपर्यंत थांबायची पद्धतच नव्हती, हिरवं कापायचं आणि घालायचं. १९२२ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटर गावी स्टेली नावाच्या उद्योजकाने सोयाबीन गाळायची गिरणी सुरू केली आणि चित्र बदलायला लागलं. हेन्री फोर्ड तर या पिकाच्या प्रेमातच पडला होता. गाडीच्या रंगात सोयातेल, भोंग्याच्या बटणात सोयाचं प्लॅस्टिक, आणि १९४१ मध्ये तर प्लॅस्टिकच्या पत्र्यांची एक अख्खी गाडी लोकांसमोर उभी केली. त्याच्याकडचा रॉबर्ट बॉयर नावाचा रसायनतज्ज्ञ गाडीच्या गाद्यांसाठी सोयाच्या प्रथिनापासून लोकरीसारखा धागा काढायच्या मागे होता. या बॉयरला विसरू नका, तो परत येणार आहे.

युद्धात पूर्वेकडून येणारं खोबरेल आणि पामतेल बंद झालं. अमेरिकेला तेल हवं होतं आणि ते सोयाबीनमध्ये होतं. लागवड भराभर वाढली. आता गणित बघा. अमेरिकेत सोयाबीन बुशेलने मोजतात, एक बुशेल म्हणजे ६० पौंड. त्यातून तेल निघतं साधारण ११ पौंड आणि पेंड उरते ४८ पौंडांच्या आसपास. तेलासाठी पीक घ्यायचं म्हटलं तरी प्रत्येक डब्यामागे चौपटीहून जास्त पेंड हातात! आणि ही पेंड साधीसुधी नाही. तिच्यात ४४ ते ४८ टक्के प्रथिनं असतात. आपल्या तूरडाळीत बावीसच्या आसपास, म्हणजे तिच्या दुप्पट.

अशी ही पेंड कोंबड्या, डुकरं, गाई यांच्याकडे वळली, आणि त्यातलाच एक ओहोळ कुत्र्याच्या पिशवीकडे वळला.

आता कुणी म्हणेल, गुरांची पेंड कुत्र्याच्या गळ्यात मारली, संपलं. मीही आधी असंच समजत होते. पण यात थोडं शास्त्रही आहे आणि ते वाचताना मला आपलं स्वयंपाकघर आठवलं.

कच्च्या सोयाबीनमध्ये एक घटक असतो जो पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक रसाला काम करू देत नाही. कच्चं सोयाबीन खाणारे प्राणी पोटभर खाऊनही वाढत नाहीत. ऑसबॉर्न आणि मेंडेल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की तेच सोयाबीन नीट शिजवलं की उंदीर छान वाढतात. तो आडवा येणारा घटक कुनिट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळाही करून दाखवला. थोडक्यात, उष्णता देणं आवश्यक.

दुसरी गोष्ट. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मक्याच्या माळेत लायसिन कमी पडतं, सोयाच्या माळेत ते भरपूर असतं. उलट सोयात मेथिओनिन कमी आणि मक्यात त्या मानाने बरं. दोघं एकत्र आले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो. हे तर आपलं वरण-भाताचं गणित! आपल्या आज्यांना अमिनो आम्ल हा शब्द ठाऊक नव्हता, पण तांदळाशेजारी डाळ वाढायची हे पक्कं ठाऊक होतं. मका आणि सोयापेंड ही अमेरिकन कुत्र्याची खिचडी म्हणा हवं तर.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे यंत्र. युद्ध संपलं, डबे परत आले, तरी सुकं खाद्य मागे हटलं नाही. सेंट लुईसची रॅल्स्टन प्युरिना ही कंपनी १८९४ पासून जनावरांचं खाद्य बनवत होती आणि माणसांसाठी नाश्त्याची सिरियल्सही. सिरियलच्या विभागात एक यंत्र होतं, एक्स्ट्रूडर. कंपनीच्या लोकांनी ते कुत्र्याच्या खाद्यासाठी वापरून बघितलं. हे यंत्र म्हणजे अवाढव्य सोऱ्या समजा. आत पीठ, पेंड आणि पाणी. फिरणारा मळसूत्री दांडा ते पुढे ढकलतो, वाफ आणि दाब यांनी ते शंभर अंशांच्या बरंच वर तापतं, शेवटी जाळीच्या भोकांतून बाहेर पडतं आणि पातं त्याचे तुकडे करतं. बाहेर येताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तुकडा फुगतो. मुलं खातात ते कुरकुरे असेच बनतात. वरून चरबी फवारली की झाले कुत्र्याचे दाणे.

प्युरिनाचं 'डॉग चाव' १९५७ मध्ये अमेरिकेच्या दुकानांत आलं आणि थोड्याच काळात सर्वाधिक खपाचं खाद्य बनलं. सोऱ्याला पीठ हवं होतं, निव्वळ मांस त्यातून फुगत नाही. आणि सोयापेंडीला उष्णता हवी होती. सोऱ्याने पेंड एका दमात शिजवली आणि आकारही दिला. सोय अशी की जणू दोघं एकमेकांसाठीच जन्मले. पिशवी वर्षभर टिकते, फ्रिज नको, सांडलवंड नाही. घरातल्या बाईचं एक काम कमी झालं, हेही विसरून चालणार नाही.

इथपर्यंतचा इतिहास मला पटतो. टंचाई होती, अक्कल लढवली, पोटं भरली. खरी गंमत पुढे आहे.

साठच्या दशकात जनरल फूड्स कंपनीने 'गेन्स बर्गर' नावाचा प्रकार काढला. लालबुंद, मऊ, खिम्याच्या टिक्कीसारखा, कागदात गुंडाळलेला. त्यात मांसाचे अवशेष होते, साखर होती, आणि सोया भरपूर. दिसायला मात्र थेट कच्चा खिमा. आता कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, त्याचं जग निळ्या-पिवळ्याचं. मग हा लाल रंग कुणासाठी? अर्थातच पाकीट उघडणाऱ्यासाठी.

आणि इथे आपला बॉयर परत येतो. गादीसाठी धागा काढता काढता त्याच्या लक्षात आलं की सोयाचे धागे एकत्र बांधले की मांसाचा पोत येतो. १९५४ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं. पुढे आर्चर डॅनियल्स मिडलँड या कंपनीच्या विल्यम ॲटकिन्सनने एक्स्ट्रूडरमधूनच हे काम स्वस्तात करून दाखवलं, त्याचं पेटंट १९७० चं. त्यातून जे निघालं ते तुमच्याआमच्या घरात आहे. सोयाबीनच्या वड्या! मुलांच्या डब्यात प्रोटीन जावं म्हणून आपण ज्या पुलावात घालतो त्याच. अमेरिकन माणसांनी त्या फारशा मनावर घेतल्या नाहीत, पण सत्तरच्या दशकात कुत्र्यांच्या डब्यांत त्या मोठ्या प्रमाणात गेल्या. रस्सा, त्यात तपकिरी रंगाचे तुकडे, खाणाऱ्याला आणि वाढणाऱ्याला वाटावं मटण आहे.

यात विष काहीही नव्हतं. पण माझ्या मते इथे एक रेघ ओलांडली गेली. युद्धात पेंड पेंड म्हणून आली होती, आता ती मटणाचा मुखवटा घालून आली. ज्याला खायचंय त्याला मुखवट्याशी देणंघेणं नाही, आणि ज्याला मुखवटा दिसतो तो खाणार नाही. फसवणूक झालीच असेल तर ती कुत्र्याची नाही, आपली.

शब्दांचेही मुखवटे असतात. जनावरांच्या खाद्यावर देखरेख करणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांची एक संघटना आहे, १९०९ साली स्थापन झालेली. तिचे नमुना-नियम बहुतेक राज्यं पाळतात. त्यांनुसार डब्यावर नुसतं 'बीफ' लिहायचं तर पाणी वगळून ९५ टक्के बीफ हवं. 'बीफ डिनर' लिहिलं तर २५ टक्के पुरे. 'विथ बीफ' लिहिलं तर ३ टक्के. आणि 'बीफ फ्लेवर' म्हटलं तर किती हे ठरवलेलंच नाही, चव लागली म्हणजे झालं! एका 'विथ'ची किंमत ९२ टक्के. शिवाय यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते आणि वजन यंत्रात घालतानाचं धरतात. ताज्या मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे ते सहज पहिलं येतं. कोरडी पेंड चौथ्या-पाचव्या ओळीत बसून भरीव काम करत असते. हे कळल्यापासून मी यादी क्रमाने न वाचता हिशेबाने वाचते.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत वारं फिरलं. सोयावर आरोप सुरू झाले. मी ते एकेक करून तपासले, कारण दरम्यान आमच्याच घरात प्रश्न उभा राहिला होता. गुंड्या अंग खाजवून खाजवून रक्त काढायला लागला होता. पंजे चाटून लाल, कान सुजलेले, रात्री कुणाला झोप नाही. सोसायटीतल्या श्वानप्रेमी मंडळींचं एकमत होतं: "सोया बंद करा!" काकांचा फोन आला, "मी म्हटलं नव्हतं?"

तर आरोप क्रमांक एक, गॅस. हा खरा. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या पचवणारं विकर कुत्र्याकडे नाही (आपल्याकडेही नाही, वालाची उसळ आठवा). त्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात. परिणाम वर्णन करून सांगायची गरज नाही. :-)

क्रमांक दोन, मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून त्याला पीळ पडतो आणि कुत्रा तासाभरात दगावू शकतो, तो आजार. याचं खापर वर्षानुवर्षं सोयावर फुटलं. पर्ड्यू विद्यापीठातल्या ग्लिकमन आणि सहकाऱ्यांनी याचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात, सोया किंवा धान्य यादीत वर असल्यामुळे धोका वाढतो असं दिसलं नाही. पहिल्या चार घटकांत तेल किंवा चरबी असेल तर मात्र तो वाढलेला दिसला.

क्रमांक तीन, जस्त. हा आरोप अर्धा खरा. सोया आणि धान्यांतलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत स्वस्तातलं, बिनब्रँडचं खाद्य खाणाऱ्या कुत्र्यांना कातडीचा एक विकार व्हायला लागला. नाकाडाभोवती, पंजांवर जाड खपल्या. चांगलं खाद्य दिलं की बरा व्हायचा. दोष नुसत्या पेंडीचा नव्हता. पेंड घालताना जस्ताचा हिशेब न करणाऱ्यांचा होता.

आणि क्रमांक चार, ॲलर्जी. आमचा प्रश्न. २०१६ मध्ये म्युलर, ऑलिव्ह्री आणि प्रेलो यांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून २९७ कुत्र्यांचा हिशेब मांडला. बीफ ३४ टक्के, दूध १७, कोंबडी १५, गहू १३. आणि सोया? ६ टक्के. म्हणजे सोयाची ॲलर्जी असते, पण मांसाच्या बरीच मागे. आमच्या डॉक्टरांनी तर मला चाटच केलं. त्यांनी गुंड्यासाठी जे खास खाद्य लिहून दिलं त्याचं प्रथिन होतं, सोया! विकरांनी इतके बारीक तुकडे केलेलं, की शरीराच्या पहारेकऱ्यांना ते ओळखूच येऊ नये. महागडं, पण आठ आठवडे दुसरं काहीही द्यायचं नाही, पोळीचा तुकडासुद्धा नाही, असं बजावलं. सहाव्या आठवड्यात खाजवणं थांबलं. आठ आठवड्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून उकडलेली कोंबडी दिली, चार दिवसांत पंजे पुन्हा लाल. कोंबडी बंद, खाज बंद. पिशवीवर ज्या तंगडीचं चित्र होतं तीच नडली होती, आणि जिला सगळे नावं ठेवत होते त्या पेंडीने निभावून नेलं.

काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग आता भाव वाढतोय का बघ!"

पण बाजार असल्या हिशेबावर चालत नाही. 'नो कॉर्न, नो व्हीट, नो सोया' ही ओळ पिशवीवर छापली की किंमत वाढते, हे कंपन्यांना उमगलं. मग 'ग्रेन फ्री'ची लाट आली. धान्य काढलं, सोया काढलं, तर सोऱ्याला लागणारं पीठ आणि स्वस्त प्रथिन आणायचं कुठून? वाटाणा, मसूर, हरभरा यांतून. म्हणजे एक कडधान्य बदनाम करून दुसरी तीन आणली! आणि जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर केलं की वाटाणा-मसूर-बटाट्यांचं प्रमाण जास्त असलेल्या खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा काही संबंध आहे का, याची तपासणी चालू आहे. तेव्हापासून अभ्यास बरेच झाले, पण कार्यकारणाचं पक्कं उत्तर त्यांतून निघालेलं नाही. कुत्रा तोपर्यंत दिलं ते खातोय.

या सगळ्यात मला सर्वात अस्वस्थ केलं ते २००७ च्या घटनेने. त्यात सोया नव्हतं, गहू होता, पण रस्ता तोच. १६ मार्च २००७ रोजी मेन्यू फूड्स या कॅनडातल्या कंपनीने सहा कोटी डबे आणि पाकिटं बाजारातून परत मागवली. कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. ज्याचे प्लॅस्टिकसारखे ताट-वाट्या बनतात तेच. पण ते खाद्यात घालायचं कशाला?

याचं उत्तर १८८३ मध्ये आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने पदार्थातला नायट्रोजन मोजायची पद्धत शोधली. त्या आकड्याला ६.२५ ने गुणलं की प्रथिनांचा अंदाज येतो. तेलगिरणीपासून पिशवीच्या लेबलापर्यंत सगळा व्यवहार याच आकड्यावर चालत आला. पण पद्धत नायट्रोजन मोजते, प्रथिन नव्हे. मेलामाइनच्या वजनात दोनतृतीयांश नायट्रोजन आहे. चिमूटभर घातलं की आकडा फुगतो. कुत्र्याच्या खाण्याचं मूल्य एका आकड्यात मावतं असं आपण ठरवलं, आणि कुणीतरी तो आकडाच विकायला काढला.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तेच मेलामाइन चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत सापडलं. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं गेली. कुत्र्यांच्या मरणाने घंटा वाजवली होती, पण ती कुत्र्यांची म्हणून ऐकली गेली.

आता आपल्याकडचं थोडं. आपला सोयाशी संबंध वाटतो त्यापेक्षा जुना आहे. सयाजीरावांच्या बडोदा संस्थानात तीसच्या दशकात सोयाबीनचा पुरस्कार चालू होता, एफ. एस. काळे यांचं सोयाबीनवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक १९३६ मध्ये तिथूनच निघालं. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी १९३५ मध्ये आश्रमवासीयांना सोयाबीन खायला घालून बघितलं आणि 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहिलं. उद्देश स्वच्छ होता: गरीब माणसाला स्वस्त प्रथिन. साठच्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकन वाणांवर काम केलं, मग माळव्यात पीक पसरलं, नंतर विदर्भात आणि मराठवाड्यात. पुण्याची आघारकर संस्था सोयाबीनची वाणं काढते, लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना कुणाला कल्पनाही नसते. पण आपल्या ताटात सोयाबीन कधी मुरलंच नाही. तेल आपण खातो, पेंड कोंबड्यांना जाते किंवा परदेशी. गांधीजींना जे प्रथिन गरिबाच्या ताटात हवं होतं, ते आता पिशवीत भरून मध्यमवर्गीयांच्या कुत्र्याकडे येतंय. आणि पिकवणारे काका भावाची वाट बघतायत.

कुत्र्याच्या पोटाला पेंड परकी आहे का? २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांचा अभ्यास आला. पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्याकडे दोन प्रती असतात, कुत्र्याकडे चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी राहून, भाकरीचे तुकडे खाऊन त्याचं शरीरच बदललं. आपलं उरलंसुरलं पचवता यावं म्हणून तो बदलला. त्याने एवढं केलं, तर त्याला जे उरलंसुरलं घालायचं ते नीट शिजवलेलं, नीट मोजलेलं आणि खऱ्या नावाने असावं, एवढी अपेक्षा काही जास्त नाही. पेंडीला पेंड म्हणा, तिच्या शेजारी जस्ताचा हिशेब ठेवा, कुत्र्याची कातडी आणि शी रोज बघा. पिशवीवरच्या आकड्यापेक्षा त्या दोन गोष्टी जास्त सांगतात.

असो. बरंच लिहून झालं. तुमच्या आजोळी, वाड्यावर, शेतावर कुत्र्याला काय घालायचे? नुसती भाकरी, ताक-भाकरी, की आणखी काही? नागपूरच्या मावशींनी आणि कोकणातल्या मंडळींनी जरूर कळवा. मासळीची डोकी घालायचे असं ऐकलंय, पण तपशील हवेत.